घुसळणीचा ताप

आपल्याकडे हवेचे तापमान सेल्सिअसमध्ये सांगतात आणि अंगातला ताप मात्र फॅरनहाइटमध्ये. नागपूर ४५ वर गेले की आपण हळहळतो आणि मुलाचा ताप १०२ वर गेला की डॉक्टरांकडे धावतो. हे दोन आकडे दोन निरनिराळ्या मापांतले आहेत, हे कोणाच्या मनातही येत नाही. कोलोराडोत येऊन मला बरीच वर्षे झाली आणि इथे हवासुद्धा फॅरनहाइटमध्येच मोजतात, तरीही शंभराच्या पुढचा आकडा दिसला की माझा हात आधी कोणाच्या तरी कपाळाकडे जाऊ पाहतो. त्यामुळे ट्रकच्या गिअरबॉक्समधल्या तेलाचे तापमान मोबाइलच्या पडद्यावर पहिल्यांदा १८७ असे उमटले, तेव्हा ते अगदी निरोगी ट्रकचे तापमान आहे हे वाचून ठाऊक असूनही मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती.

इथे ट्रक म्हणतात तो आपला दहा चाकी ट्रक नव्हे. पुढे पाच माणसे बसतील अशी केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली ही डिझेल गाडी मी जुनी म्हणूनच विकत घेतली, ती मागे सुमारे ७,००० पौंडांचा, म्हणजे सव्वातीन टनांच्या आसपासचा, राहण्याचा ट्रेलर ओढण्यासाठी. तिच्या डॅशबोर्डवर गिअरबॉक्सच्या तापमानाचा एक काटा आहे. त्यावर आकडे नाहीत; एका टोकाला थंडीची खूण, दुसऱ्या टोकाला उष्णतेची आणि मधे ऐसपैस पट्टा. चढावर असो की सपाटीवर, ट्रेलर मागे असो की नसो, काटा त्या पट्ट्याच्या मधोमध उभा. आमच्या घरात त्याचे नाव ‘मुत्सद्दी’ पडले आहे. पुष्कळ गाड्यांचे काटे असे मुद्दामच सुस्त केलेले असतात, कारण खरे आकडे दाखवले तर माझ्यासारखी माणसे गाडी कडेला घेऊन बसतात.

खरा आकडा मिळवायला फार खटपट पडत नाही. स्टिअरिंगखाली तपासणीसाठी एक चपटे सॉकेट असते. त्यात काडेपेटीएवढे यंत्र खोचले की ते गाडीच्या संगणकाशी बोलते आणि मोबाइलला कळवते. अडचण एवढीच की इंजिनाच्या पाण्याचे तापमान सगळ्या गाड्या एकाच ठरीव सांकेतिक भाषेत सांगतात, गिअरबॉक्सचे मात्र ज्याची त्याची बोली वेगळी. माझ्या ट्रकची बोली शोधून मोबाइलमध्ये भरण्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि तोवर तो कधी उणे चाळीस तर कधी सहाशे असले काहीही बरळत होता.

ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत क्लचचे पेडल नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेले एक बंद भांडे असते, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. त्यात दोन रव्या तोंडाला तोंड लावून बसवल्या आहेत अशी कल्पना करावी. इंजिन एक रवी फिरवते, तिने घुसळलेले तेल दुसरीवर आदळते आणि दुसरी फिरू लागून चाकांना ओढते. दोन्ही रव्यांच्या वेगांत जितका फरक, तितकी घुसळण आणि तितकी उष्णता. गाडीला वेग आला की आत एक छोटा क्लच दोन्ही रव्यांना एकमेकींशी घट्ट बांधतो. याला लॉक होणे म्हणतात. मग घुसळण थांबते. हे समजल्यावर माझा पहिला समज कोलमडला. गिअरबॉक्स ओझ्याने तापतो असे मी धरून चालत होतो, पण तो खरा तापतो तो दोन रव्यांच्या वेगांतल्या घसरणीने. तोच ट्रेलर ताशी पन्नास मैलांनी घाट चढत असेल आणि कन्व्हर्टर लॉक झालेला असेल तर आकडा फारसा हलत नाही, आणि सपाटीवरच्या रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकताना तो चढत जातो.

हे सगळे मी कऱ्हाडला अण्णांना फोनवर समजावत होतो. अण्णांनी एसटीच्या नोकरीत कुंभार्ली घाटातून कऱ्हाड-चिपळूण गाडी वर्षानुवर्षे चालवली. रव्यांपर्यंत त्यांनी निमूटपणे ऐकून घेतले, मग विचारले, “मग गिअर कोण टाकतं?”

“गाडीच टाकते, अण्णा. आपण फक्त चालवायची.”

“म्हणजे ती सारखी हाफ क्लचवर चालते म्हण की.”

माझी दहा मिनिटांची व्याख्यानमाला त्यांनी एका वाक्यात आटोपली. हाफ क्लचवर घाट चढवणारा ड्रायव्हर क्लच प्लेट जाळतो आणि त्या जळक्या वासाने मागच्या सीटवरच्या प्रवाशालाही कळते. फरक एवढाच की इथे प्लेटच्या जागी बराचसा भार तेल सोसते आणि वास येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

तेल सोसते म्हणजे किती, याचा इथल्या मेकॅनिक लोकांत एक ठोकताळा आहे. १७५ अंशांपर्यंत (म्हणजे सुमारे ८० सेल्सिअस) तेल सुखात असते आणि त्यापुढे दर वीस अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते. हा हिशेब अगदी शास्त्रशुद्ध आहे असे नाही, नव्या तेलांना तो जरा जास्तच कडक लागू होतो, पण दिशा बरोबर आहे. ट्रेलर ओढताना २०० च्या आसपास राहिले तर मी निश्चिंत असतो, २२० ला सावध होतो आणि २४० च्या पुढे थांबायचे ठरवून ठेवले आहे. ताजे तेल कोकम सरबतासारखे लाल असते. गिअरबॉक्सची डिपस्टिक पांढऱ्या कागदावर टेकवली की डाग पसरतो; तो तपकिरीकडे झुकू लागला की तेल थकले असे समजायचे.

आकडा समोर आल्यापासून मला काही अनपेक्षित गोष्टी कळल्या. जानेवारीच्या सकाळी तो १२ पासून सुरू होतो आणि शंभरी गाठायला कित्येक मैल घेतो. तोवर तेल काकवीसारखे जड असते आणि गिअर अनिच्छेने बदलतात. घराच्या चढत्या वाटेवर ट्रेलर मागे लावताना मात्र तो दोन-तीन मिनिटांत पंधरा-वीस अंश उसळतो, कारण रिव्हर्समध्ये कन्व्हर्टर लॉक होत नाही आणि पुढच्या जाळीतून वाराही येत नाही. ज्या कामाला मी काम समजतच नव्हतो तेच सर्वांत महागडे निघाले. शिवाय पडद्यावरचा आकडा खालच्या पॅनजवळच्या तेलाचा आहे. कन्व्हर्टरमधून नुकतेच बाहेर पडलेले, कूलरकडे (पुढच्या जाळीमागे वाऱ्याने तेल निववणाऱ्या नळ्यांकडे) निघालेले तेल त्याहून बरेच तापलेले असते. म्हणून मी आता आकडा किती आहे यापेक्षा तो किती घाईने चढतो आहे, हे अधिक पाहतो.

डेन्व्हरची उंची ५,२८० फूट, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा शंभर-सव्वाशे फुटांनीच कमी. तिथून पश्चिमेला जाणारा इंटरस्टेट ७० हा हमरस्ता रॉकी पर्वताची मुख्य धार आयसेनहॉवर बोगद्यातून ओलांडतो. १९७३ मध्ये खुल्या झालेल्या या बोगद्याची उंची आहे ११,१५८ फूट. पश्चिमेकडून परतताना सिल्व्हरथॉर्न गावापासून बोगद्यापर्यंतच्या आठेक मैलांत रस्ता दोन हजार फुटांहून अधिक चढतो आणि काही ठिकाणी चढ सात टक्क्यांचा आहे. रिकाम्या रस्त्यावर माझा ट्रक तो तक्रार न करता चढतो. पण रविवारी दुपारी सगळे डेन्व्हर डोंगरातून एकदम घरी निघते, बोगद्यात गाड्यांची गर्दी होऊ नये म्हणून त्या मधूनमधून तोंडाशीच थोपवल्या जातात आणि सगळी रांग चढावर उभी राहते.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही त्या रांगेत सापडलो. मोबाइल बायकोच्या हातात होता आणि आकडे वाचण्याचे काम तिच्याकडे. १९६ ला आम्ही गप्पा मारत होतो. २०८ ला गप्पा थांबल्या. पुढची गाडी दहा फूट सरकली की मी दहा फूट सरकत होतो आणि प्रत्येक वेळी सव्वातीन टनांचा ट्रेलर चढावर उभ्यानेच हलवण्यासाठी त्या दोन रव्या जीव तोडून घुसळत होत्या. त्यात त्या उंचीवर हवा इतकी विरळ की पंखा कितीही भणभणला तरी कूलरला पुरेसा वारा लागत नाही. २१७. २२३. “अरे, हा तर थांबतच नाही,” ती म्हणाली, आणि त्या क्षणी मला अण्णांचा हाफ क्लच आठवला.

मग मी रांगेत सरकणे सोडून दिले. पुढे सात-आठ गाड्यांएवढी जागा मोकळी होईपर्यंत ब्रेक दाबून न्यूट्रलमध्ये उभा राहायचो आणि इंजिनाचे फेरे हजार-बाराशेच्या वर ठेवायचो, म्हणजे रवी मोकळी राहते, घुसळण होत नाही आणि पंप मात्र तेल कूलरमधून फिरवत राहतो. ‘पार्क’ऐवजी न्यूट्रल यासाठी की काही गिअरबॉक्सांत पार्कमध्ये तेल कूलरपर्यंत पोहोचतच नाही. जागा झाली की पहिला गिअर हाताने टाकून एका दमात पुढे. मागच्याने दोनदा हॉर्न दिला. एकाने मधल्या जागेत गाडी घुसवली आणि मी त्याला मराठीत काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. आकडा २३१ पर्यंत गेला, तिथे बराच वेळ घुटमळला, आणि मग दर थांब्यागणिक दोन-तीन अंशांनी उतरू लागला. बोगद्याच्या तोंडाशी २१४ होता. पलीकडे जॉर्जटाउनच्या उतारावर कन्व्हर्टर लॉक झाला, इंजिनाच्या ब्रेकवर ट्रेलर संथपणे उतरू लागला आणि बायकोने मोबाइल मांडीवर पालथा ठेवून सफरचंद चिरायला घेतले. डॅशबोर्डवरचा मुत्सद्दी या सगळ्या वेळात फार तर केसभर हलला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिपस्टिक काढून कागदावर टेकवली. लाल होते, सरबत जरा दाट झाल्यासारखे. संध्याकाळी अण्णांना फोनवर सगळे सविस्तर सांगितले. आकडे, रांग, न्यूट्रल, कागदावरचा डाग. ते शांतपणे ऐकत होते.

“वास घेतलास का?” त्यांनी विचारले.

फोन चालू ठेवूनच मी पुन्हा गॅरेजमध्ये गेलो.