मामांचा निगेटिव्ह

काडी नाकात गेली न गेली तोच मामांनी माझं मनगट धरलं. "बस व्हयनं भाऊ!" मीही थांबलो. एप्रिल 2021, जळगावचं ऊन, अंगात पीपीई किट, मागे रांग. शिवाय मामाच ते. लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून मी पारोळ्याचा किल्ला पाहिलाय.

कोरोनाच्या आरटीपीसीआरचा स्वॅब म्हणजे नाकपुडीच्या तोंडाशी काडी फिरवणं नव्हे. ती वर न घालता सरळ मागे, घशाच्या वरच्या भागाला टेकेपर्यंत न्यायची आणि तिथे काही सेकंद फिरवायची. माणसाच्या डोळ्यांत टचकन पाणी येतं. मामांच्या आलं नाही.

रिपोर्ट निगेटिव्ह. लॅबमधल्या मित्राने नंतर ग्राफ दाखवला. विषाणूच्या रेषा सपाट, आणि माणसाच्या पेशी आल्यात का हे सांगणारी इंटर्नल कंट्रोलची रेषा मशीनच्या 34व्या फेरीला कशीबशी उठलेली. नियमाने टेस्ट वैध. पण काडीवर मामा फारसे आलेच नव्हते, तर विषाणू कुठून येणार?

दोन दिवसांनी खोकला वाढला, पुन्हा स्वॅब घेतला. पॉझिटिव्ह. सीटी, म्हणजे विषाणूची रेषा ज्या फेरीला उठते तो आकडा, 24. दर फेरीत माल साधारण दुप्पट होतो, म्हणजे सीटीतला फरक दिसायला दहाचा, प्रत्यक्षात जवळपास हजारपटीचा. (लोक तेव्हा सीटी दहावीच्या मार्कांसारखा विचारायचे, "तुझा किती आला?" अरे, काडी कोणी आणि कशी फिरवली यावरही तो बदलतो!)

उलटंही व्हायचं. बरं होऊन तीन आठवडे झालेला माणूस पॉझिटिव्हच. मेलेल्या विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय धाग्याचे, तुकडेही मशीन इमानदारीत मोजतं, त्यातून आजार पसरेल का हे त्याला कळत नाही. अशांना कामावर घेत नसत, ते येऊन आमच्यावरच ओरडत.

मशीनवर माझा आजही विश्वास आहे. त्या दिवशी चुकलो तो मी. निगेटिव्ह रिपोर्ट खिशात घालून मामा पारोळ्याला गेले, नातवाला मांडीवर घेऊन वरण-बट्टी जेवले. मामींना चौथ्या दिवशी ताप आला.

त्यांचा स्वॅब मीच घेतला. त्यांनीही मनगट धरलं. या वेळी मी थांबलो नाही.