चावली एवढीशी, इंजेक्शनं पाच

ऑगस्टमधली गोष्ट. महापेहून सेकंड शिफ्ट संपवून कोपरखैरणेला शेअर रिक्षातून उतरले, पाऊस भुरभुरत होता, आणि गल्लीच्या तोंडाशी त्या काळ्या कुत्रीची पिल्लं झोपली होती ती मला दिसलीच नाहीत. तिने पोटरीला एकदाच तोंड लावलं आणि सोडलं. लेगिंगसुद्धा फाटली नव्हती, म्हणून मला वाटलं काही नाही. घरी येऊन बघते तर दोन बारीक टोचे आणि एकातून रक्त.

आई लगेच हळद घेऊन धावली, शेजारच्या काकू म्हणाल्या मिरची भर. नशीब मी दोघींचं ऐकलं नाही. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुतलं, मोबाइलवर टायमर लावून, कारण पंधरा मिनिटं म्हणजे किती वेळ असतो ते उभं राहिल्यावरच कळतं बाबा. रेबीजचा व्हायरस कुत्र्याच्या लाळेतून येतो आणि साबणाने मरतो, म्हणजे अर्धं काम इथेच होतं.

रात्रीच जवळच्या क्लिनिकमध्ये गेले. टीटी म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, दंडात रेबीजची लस दिली, वर पट्टी बांधून पाठवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या एका मॅडमने विचारलं, सिरम दिलं का गं? मी म्हटलं ते काय असतं. मग धावत पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये. तिथल्या डॉक्टरांनी आधी पट्टी काढली, म्हणाले ही बांधायची नसते. रक्त आलं म्हणजे कॅटेगरी ३, सगळ्यात गंभीर प्रकार, नुसती लस पुरत नाही. मला वजनकाट्यावर उभं केलं (सिरमचा डोस वजनावर ठरतो, इथे खोटं बोलून चालत नाही) आणि ते सिरम थेट जखमेत, त्या दोन टोच्यांच्या आजूबाजूला टोचलं. चावल्यापेक्षा हे जास्त दुखलं, खरं सांगते.

का लागतं ते त्यांनी सुई भरता भरता सांगितलं. लस घेतल्यावर शरीर स्वतः अँटीबॉडी बनवतं, त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. सिरममध्ये त्या तयार असतात, मधल्या दिवसांत त्याच पहारा देतात. हा व्हायरस रक्तातून नाही तर नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो, बहुतेकांना एक ते तीन महिने लागतात, तोंडावर किंवा हातावर चावलं तर कमी. एकदा मेंदूत पोचून लक्षणं सुरू झाली, पाणी प्यायला गेलं की घसा आवळायला लागला, की मग माणूस जवळजवळ वाचत नाहीच. म्हणजे सगळी शर्यत त्याआधीची. मी तिथे बसून पोटरीपासून डोक्यापर्यंतचं अंतर मनातल्या मनात मोजत होते.

घरी काकूंचं सुरूच, पोटात चौदा घ्यावी लागतात ना गं? ते जुनं झालं काकू, ती लस आपल्याकडे २००५च्या सुमारास बंद झाली. आता दंडात पाच, ०, ३, ७, १४, २८ या दिवशी (० म्हणजे पहिली लस घेतली तो दिवस). मी कॅलेंडरवर लाल गोल केले, तरी सातव्या दिवशी शिफ्ट बदलली आणि लंच ब्रेकमध्ये रिक्षा पकडून जावं लागलं, सुपरवायझरचं तोंड बघण्यासारखं होतं. ताप वगैरे नाही आला, फक्त दंड दुखायचा.

डॉक्टरांनी अजून एक काम दिलं होतं, दहा दिवस त्या कुत्रीवर लक्ष ठेवायचं. दहा दिवस ती ठणठणीत राहिली तर चावताना तिच्या लाळेत व्हायरस नव्हता असं धरतात. मग काय, रोज सकाळी मी बिस्किटाचा पुडा घेऊन वडापावच्या गाडीमागे लांबून डोकावायचे, आणि आई वरून गॅलरीतून ओरडायची, खातेय का ती? दहाव्या दिवशीही खात होती. तरी पाचही डोस पूर्ण केले, उगाच डोक्याला ताप नको.

शेवटचं घेऊन आले तेव्हा ती तिथेच पिल्लांना पाजत पडली होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी पलीकडच्या फुटपाथवरून गेले.