राइडच्या कंट्रोल पॅनेलवर एकटा माणूस नको

रोलर कोस्टर मध्येच थांबला की रांगेतले लोक वैतागतात. साहजिक आहे. पण मेंटेनन्समध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला भीती वाटते ती थांबलेली राइड घाईघाईने सुरू करण्याची.

ट्रॅकचे भाग पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सुटतच नाही. २ जून २०१५ रोजी इंग्लंडच्या आल्टन टॉवर्स या मनोरंजन पार्कात ‘स्मायलर’ या रोलर कोस्टरची यंत्रणा अशीच थांबली होती, आणि तिचं बरोबर होतं. पुढे एक रिकामी गाडी अडकलेली होती. त्या दिवशी ट्रॅकवर एक गाडी वाढवलीय, हेच दुरुस्तीवाल्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, यंत्रणाच चुकतेय. त्यांनी यंत्रणेची ती अडवणूक हाताने रद्द केली आणि १६ प्रवासी असलेली गाडी त्या रिकाम्या गाडीवर जाऊन आदळली. दोन तरुणींना पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला. त्या इंजिनिअरांना नावं ठेवणं मला पटत नाही. कितवी गाडी कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असेल, अशी पद्धतच तिथे नव्हती.

सकाळच्या तपासणीचंही तेच. गाडीला वरची, बाजूची आणि रुळाला खालून धरणारी अशी तीन तऱ्हेची चाकं असतात. खालचं चाक मी हाताने फिरवून बघतो. बेअरिंग जायला लागलं की आधी बोटांना खरखर लागते, डोळ्यांना काहीच दिसत नसतं. मग चाकावरच्या पॉलियुरेथेनच्या, म्हणजे कडक प्लास्टिकसारख्या थराला टवका गेलाय का, ते बॅटरीच्या उजेडात बघायचं. प्रत्येक डब्याचं, प्रत्येक चाक! एकाच फिटरच्या गळ्यात तीन राइड मारल्या तर तो चाकं फिरवणार कधी? कागदावर बरोबरच्या खुणा मात्र वेळेत होतील.

प्लॅटफॉर्मवर तर सीझनपुरती घेतलेली पोरं असतात. सेफ्टी बार ओढून बघणं ती दोन दिवसांत शिकतात. गेटबाहेर आरडाओरडा चाललेला असताना ‘नाही, सोडणार नाही’ म्हणायला मात्र शेजारी जुना माणूस लागतो.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: थांबलेली राइड रीसेट करून पुन्हा सुरू करण्याआधी दोघांनी, वेगवेगळं, ट्रॅकवरच्या गाड्या डोळ्यांनी मोजायच्या. आणि शिफ्टला माणसं कमी असतील तर सरळ एक राइड बंद ठेवायची आणि तिथली माणसं बाकीच्या राइडवर द्यायची.