इंजिन उतरवलंच आहे, तर काय काय बदलायचं? माझा अनुभव

माझ्या गाडीचा क्लच घसरायला लागला होता. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचे फेरे वाढायचे, वेग वाढायचा नाही. त्यातच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून तेल ठिबकू लागलं. बोटावर घेऊन पाहिलं तर काळं आणि पातळ होतं. गिअर ऑइलला येतो तो उग्र गंधकाचा वास नव्हता. म्हणजे क्रँकचं, इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील गेलं होतं. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ती माउंटिंगही खचली होती, तेव्हा गिअरबॉक्ससकट इंजिन बाहेर काढायचं ठरलं.

इंजिन एकदा डोळ्यांसमोर टांगलं की सगळंच बदलावंसं वाटतं. म्हणून मी प्रत्येक भागाबद्दल एवढंच विचारत गेलो: हा पुढे बिघडला, तर इंजिन किंवा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल का? लागणार असेल तर तो भाग आज बरा दिसत असला तरी नवा घालायचा. बॉनेट उघडून हाताला येणारा असेल तर चालेल तोवर चालू द्यायचा.

सगळ्यात जास्त वेळ मी मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या बाजूला दिला, आणि तो द्यायलाच हवा. तेलात भिजलेली क्लच प्लेट कितीही पुसली तरी भरवशाची राहत नाही. प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग हा सगळा संच एकदम बदलला. रिलीज बेअरिंग हाताने फिरवल्यावर आवाज करत नव्हतं, तरी ठेवलं नाही. बसतं अशा जागी की नंतर फक्त त्याच्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते त्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, उष्णतेचे निळसर डाग होते, म्हणून ते लेथवर घासून घेतलं. त्याचे बोल्ट आवळताना ताणले जाणाऱ्या जातीचे आहेत, ते नवेच घ्यायचे. क्रँकचं सील काढल्यावर ते जिथे घासतं तिथे नख फिरवून पाहिलं. बारीक चर लागला. नवं सील तंतोतंत त्याच खोलीवर बसवलं असतं तर त्याची कड पुन्हा त्याच चरावर आली असती, म्हणून ते किंचित कमी आत बसवलं. बसवण्याआधी कडेला तेल लावायचं की नाही हे सीलच्या जातीवर ठरतं: साध्या रबरी सीलला लावतात, टेफ्लॉनची बरीच सीलं कोरडीच बसवायची असतात. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून आत जाणाऱ्या दांड्याचं) सीलही लगेच बदललं, कारण ते गळलं तर तेल त्याच नव्या प्लेटवर येणार. चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट निघालेलेच होते, त्यांची सीलंही त्यातच उरकली.

सील का गेलं, हेही बघायलाच हवं. क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह चिकट मळाने तुंबला होता. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या सीलमधून बाहेर पडतं. व्हॉल्व्ह छोटासाच आहे आणि वरूनही निघतो, पण कारण तसंच ठेवून नवं सील घालण्यात काय अर्थ? माझ्या नियमाला मी केलेला हा एकमेव अपवाद.

टायमिंगची, म्हणजे क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम शाफ्ट फिरवणाऱ्या बेल्टची, बाजू गाडीच्या आडव्या इंजिनात चासीला इतकी चिकटलेली असते की पाना फिरायला जागा नसते. म्हणून टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून वाटेवर ठेवणारी चाकं), बेल्टवरच चालणारा वॉटर पंप, क्रँकचं पुढचं सील आणि कॅमचं सील, सगळं बदललं. माझ्या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. चेंबरचं (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचं) पॅकिंग, फायरवॉलकडचे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडचे) हीटरचे होज आणि इंजिन ब्लॉकच्या मागच्या अंगाचे गंजलेले कोअर प्लगही (कूलंटच्या वाटा बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) नवे घातले. माउंटिंग तर बदलायची होतीच.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, मात्र उघडलं नाही. कूलंट कमी होत नव्हतं, तेलात पाणी नव्हतं, सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं होतं. ठणठणीत हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) केवळ इंजिन बाहेर आहे म्हणून खोलणं मला पटत नाही. ऑल्टरनेटर आणि वरचे सेन्सरही तसेच ठेवले. कंपनीचा जुना पण चालू सेन्सर काढून स्वस्तातला नवा घालू नये, असं माझं ठाम मत आहे. वायरिंगचं कडक होऊन तडकलेलं आवरण तेवढं नव्याने गुंडाळलं आणि अर्थिंगची टोकं घासून साफ केली.

इंजिन बसवल्यावर आधी इंधन बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवला, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग सुरू केलं, कूलंटमधली हवा काढली, आणि पंखा चालू-बंद होईपर्यंत खाली टॉर्च मारत बसलो. जोड कोरडा होता. पुढे गाडी बरीच तापून-निवल्यावर होजचे क्लॅम्प थोडे सैल वाटले, ते परत आवळले.

आता ऑल्टरनेटरचं बेअरिंग बारीक आवाज करू लागलंय. ते सवडीने, बॉनेट उघडून बदलेन.