ऑक्सफर्डचे मनोरे: कोणता चढावा, कोणता खालूनच पाहावा

लंडनच्या पॅडिंग्टनहून जलद गाडी साधारण तासाभरात ऑक्सफर्डला पोचते. स्टेशनातून कारफॅक्स चौकापर्यंत पायी पंधरा मिनिटं. गाडी आणणं टाळा, शहरात पार्किंग मिळत नाही म्हटलं तरी चालेल.

ज्या मनोऱ्यावर आपण उभे असतो, तेवढाच एक आपल्याला दिसत नाही. म्हणून दोन मनोरे चढा, आणि कोणता कधी चढायचा ते उन्हाच्या दिशेवरून ठरवा.

सकाळी उघडल्या उघडल्या सेंट मेरी चर्च गाठा. मनोरा साधारण 1280चा, त्यावरचा निमुळता दगडी कळस त्यानंतरच्या अर्धशतकातला. पायऱ्या 127, जिना गोल आणि इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाला भिंतीला चिकटून थांबावं लागतं. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या. पायऱ्या आतल्या बाजूला निमुळत्या होतात. पाऊल कायम बाहेरच्या रुंद बाजूला टाका, उतरताना तर नक्कीच. वरच्या सज्जातही दोन माणसं जेमतेम मावतात, त्यामुळे अकरानंतर गर्दीत फोटो काढणं म्हणजे शिक्षाच. उत्तरेला खाली रॅडक्लिफ कॅमेरा या गोल ग्रंथालय-इमारतीचा घुमट. ऊन पाठीमागून येत असल्याने तो छान उजळतो; मात्र थंडीत सूर्य इतका खाली असतो की दुपारी चर्चचीच लांब सावली चौकात पसरते.

खाली उतरल्यावर उत्तरेकडे चाला. बॉडलियन ग्रंथालयाच्या जुन्या चौकात तिकीट लागत नाही. तिथल्या पाच शैलींच्या मनोऱ्यावर खालून वर टस्कन, डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि काँपोझिट असे खांब क्रमाने रचलेले आहेत. वास्तुकलेचं पाठ्यपुस्तकच, फक्त उभं. शेल्डोनियन या विद्यापीठाच्या समारंभगृहाच्या घुमटीतही जाता येतं, पण तिथून काचेतूनच पाहावं लागतं; फोटोत प्रतिबिंबं येतात.

ब्रॉड स्ट्रीटच्या पूर्व टोकाशी मान वर करा: कळसावर वाऱ्याची दिशा दाखवणारा हत्ती आहे. ही जुनी इंडियन इन्स्टिट्यूट. ती उभी केली मोनियर-विल्यम्स यांनी, तेच संस्कृत कोशवाले, जन्म मुंबईचा. 1883मध्ये बसवलेल्या कोनशिलेवर देवनागरीत संस्कृत श्लोक कोरलेला आहे. आपल्याकडच्या वाचकाने ही जागा चुकवू नये.

चालताना भिंतींकडे जवळून पाहा. हेडिंग्टनचा स्थानिक चुनखडी दगड कोळशाच्या धुराने खराब झाला: गंधकाच्या आम्लामुळे पृष्ठभागाचं जिप्सम होतं, काळा पापुद्रा फुगतो, सुटतो आणि आत भुसभुशीत दगड उघडा पडतो. विसाव्या शतकात कित्येक इमारतींना क्लिप्शम गावच्या मधाळ रंगाच्या दगडाचं नवं अस्तर द्यावं लागलं. जुनं आणि नवं शेजारी शेजारी असेल तिथे हा फरक डोळ्यांना लगेच कळतो.

दुपारी तीननंतर कारफॅक्स मनोरा: 99 पायऱ्या, उंची 23 मीटर. सेंट मार्टिन चर्च 1896मध्ये पाडलं, तेव्हा एवढाच भाग राखला. सकाळी इथून पूर्वेकडे पाहिलं तर सूर्य डोळ्यांवर येतो. दुपारी हाय स्ट्रीटवरचे सगळे कळस उजळलेले असतात, आणि सकाळी न दिसलेला सेंट मेरीचा कळसही समोर येतो. तिसरा चढायची ताकद उरली असेल तर कॉर्नमार्केटवरचा सेंट मायकेलचा मनोरा घ्या. 1040च्या सुमाराचा, शहरातली सर्वांत जुनी वास्तू. देखावा कारफॅक्सइतका नाही, चढायचं ते त्याच्या वयासाठी.

मॉडलिन कॉलेजचा 44 मीटरचा मनोरा शेजारच्या पुलावरूनच पाहायचा. हो, लिहायचं मॅग्डालेन, म्हणायचं मॉडलिन. 1 मे रोजी सकाळी सहाला वरून गायनवृंद गातो. त्या दिवशी जायचं तर साडेपाचपर्यंत जागा धरा. सगळे कळस एका रेषेत हवे असतील तर पुलापलीकडे पंधरा मिनिटांवर साउथ पार्कचा उतार आहे. सकाळी दगडाचा रंग दिसतो, संध्याकाळी फक्त काळ्या आकृती.

रात्री नऊच्या आधी सेंट ॲल्डेट्स रस्त्यावर, क्राइस्ट चर्च कॉलेजच्या टॉम टॉवरसमोर या. खालचं दार कॉलेजचा मूळ संस्थापक कार्डिनल वुल्झीच्या काळातलं, वरचा भाग वास्तुकार क्रिस्टोफर रेनने 1681-82मध्ये पुरा केला. क्राइस्ट चर्चचे दिवसा तिकीट काढून येणारे पाहुणे या दाराने आत जात नाहीत, त्यांची वाट दक्षिणेच्या मेडोकडून, म्हणजे कुरणाकडून आहे. इथे उगाच रांग लावू नका. सहा टनांहून जड घंटा 101 ठोके देते, तेही नऊ वाजून पाच मिनिटांनी, कारण ऑक्सफर्डची जुनी, सूर्यावरून धरलेली स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पाच मिनिटं मागे होती, आणि ही घंटा अजून तिच्याच नऊला वाजते. परतीच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा, म्हणजे ठोके अर्धवट सोडून पळावं लागणार नाही.