राख चाळायचं हातयंत्र: जाळी बसली, आता धुळीशी गाठ

ऑगस्ट

जुनी जाळी शेवटी कापून काढली. मूळचं जेवढं टिकेल तेवढं टिकवावं या मताचा मी आहे, पण वरच्या तोंडाकडच्या तारा इतक्या झिजल्या होत्या की बोटानं दाबल्या तरी वाकत. गंज फार नव्हता, ही घासून झालेली झीज. दगडी कोळशाच्या राखेत सिलिका आणि अ‍ॅल्युमिना भरपूर असतात. वर्षानुवर्षं रोज तीच राख लोळवली की तारा कानशीनं घासल्यासारख्या पातळ होतात. गंमत म्हणजे उतरत्या टोकाकडची जाळी जवळपास नवी आहे. म्हणजे राख पहिल्या वीतभरातच गळून जायची आणि पुढे नुसता कोळसा लोळत जायचा. यंत्र नीट चालत होतं याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. कापलेला तुकडा चिठ्ठी लावून ठेवला आहे.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. जस्ताचा लेप दिलेल्या पत्र्याची ही पेटी एका मोठ्या पिंपाच्या तोंडावर बसते. आत तारेच्या जाळीचा गोल पिंजरा आहे, किंचित उतरता. झाकण उघडून स्टोव्हची राख आत टाकायची, झाकण लावायचं आणि बाहेरचं हँडल फिरवायचं. राख जाळीतून पिंपात पडते आणि न जळलेला कोळसा उतरत्या टोकानं बाहेरच्या बादलीत येतो. यंत्रावर कंपनीचं नाव नाही, पेटंटची तारीख नाही. इथे अमेरिकेत, पूर्व पेनसिल्व्हेनियात एक जुनं घर रिकामं होत होतं, तिथल्या तळघरातल्या विकाऊ सामानात ते सापडलं.

या जातीतलं जाहिरातींमुळे गाजलेलं नाव म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या हिल ड्रायर कंपनीचं ‘हसलर’. मिनिटभर हँडल फिरवलं की दिवसाचं काम संपलं आणि धूळही नाही, असा त्यांच्या जाहिरातीचा सूर असे. हीच कंपनी अंगणात कपडे वाळत घालायचे स्टँडही बनवायची. एकाच कारखान्यातून धुतलेल्या कपड्यांची सोय आणि राखेचीही सोय, हे मला फार आवडतं. माझं यंत्र हसलर आहे असा माझा अजिबात दावा नाही. अशी यंत्रं अनेकांनी बनवली, पेटंटंही ढिगानं आहेत.

पत्र्याच्या सफाईबद्दल एक सूचना. गंज काढायला आपण सगळे पटकन व्हिनेगरकडे वळतो, पण जस्ताचा लेप असलेल्या पत्र्यावर ते वापरू नका. आम्ल गंजाआधी जस्तच खातं. मी साबणाचं पाणी आणि कोरडा ब्रश यापलीकडे गेलो नाही. जस्तावर गॅसची ज्योत तर मुळीच धरू नका, त्या धुरानं ताप भरतो.

ऑगस्ट अखेर

आता जाळीच्या मापाचा प्रश्न. त्यासाठी हा कोळसा समजून घ्यावा लागतो.

पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्येला, स्क्रँटन, विल्क्स-बॅरी, हेझलटन या पट्ट्यात अँथ्रासाइट निघतो. कडक, चकचकीत, जवळपास बिनधुराचा आणि पेटायला महाहट्टी. विल्क्स-बॅरीच्या जेसी फेल यांनी ११ फेब्रुवारी १८०८ रोजी घरातल्या चुलाण्यात लोखंडी जाळीवर तो पेटवून दाखवला. खालून हवा मिळाल्याशिवाय हा कोळसा जळत नाही, आणि खालून हवा हवी तर जाळीवर राख साचून चालत नाही. म्हणून जाळी रोज हलवायची. अँथ्रासाइटचा तुकडा बाहेरून आत जळत जातो. वरती राखेचं कवच, आत काळा गाभा. जाळी हलवली की राखेबरोबर असे अर्धवट जळलेले तुकडेही खाली पडतात. ज्या जाळीनं हा कोळसा घरोघरी पोचवला, तिनंच चाळायचं कामही मागे लावलं.

आपल्याकडे असं यंत्र का दिसत नाही याचंही उत्तर यातच आहे. आजीकडच्या तांब्याच्या बंबाखालची राख सरळ भांडी घासायला जायची. लाकूड शेवटपर्यंत जळतं, आणि निखारे उरलेच तर पाणी मारून विझवायचे की शेगडीला कोळसे तयार. चाळायला उरतंय काय? (दगडी कोळशाच्या राखेनं मात्र भांडी घासू नका आणि ती भाजीच्या वाफ्यातही टाकू नका. तिच्यात आर्सेनिक, शिसं असले धातू असतात.)

अँथ्रासाइट चाळून, आकारमानानुसार विकला जातो. ‘नट’ म्हणजे १३/१६ इंचाच्या भोकावर अडकणारा आणि १ ५/८ इंचातून जाणारा. त्याखाली ‘पी’, ९/१६ इंचापर्यंत. त्याखाली ‘बकव्हीट’, ५/१६ पर्यंत. त्याखाली ‘राइस’. माझ्या स्टोव्हला नट लागतो. जुन्या जाळीच्या तारा मध्यापासून मध्यापर्यंत अर्धा इंच अंतरावर होत्या. तारेची जाडी वजा केली की मोकळं भोक सुमारे १० मिलिमीटर उरतं, म्हणजे पी तर सगळा अडतोच, बकव्हीटचेही मोठे दाणे अडतात.

बारीक जाळी लावली तर आणखी कोळसा वाचेल असं वाटतं, पण तो वाचवून उपयोग नाही. नटच्या थरात बारीक दाणे मिसळले की फटी बुजतात, हवा अडते आणि आग गुदमरते. म्हणून मापाला हात लावला नाही. फक्त माल बदलला: बाजारात मिळणारी अर्ध्या इंचाची जस्ती जाळी जेमतेम १ मिलिमीटर तारेची असते, ती या राखेपुढे किती टिकणार? स्टेनलेस स्टीलची जाड तारेची विणलेली जाळी घेतली. वळवताना हात सोलले, पण पिंजरा गोल झाला.

सप्टेंबर

शाफ्टची भोकं पत्र्यात झिजून लांबट झाली होती. तिथे मेपलच्या लाकडाची बुशिंगं, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्या, बसवली. तेल घालायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. तेलावर राख बसते आणि त्याची घासायची पेस्ट होते, मग शाफ्टच झिजतो. कोरडी ग्रॅफाइट पूड चोळली. हँडल आता एका बोटानं फिरतं.

किती वेगानं फिरवायचं? फिरत्या पिंजऱ्याला एक मर्यादा असते. त्या वेगाला आतला माल भिंतीला चिकटूनच फिरायला लागतो, खाली कोसळत नाही. मीटरमध्ये व्यास घेऊन त्याच्या वर्गमुळानं ४२.३ ला भागलं की मिनिटाचे फेरे मिळतात. माझा पिंजरा ३० सेंटिमीटरचा, म्हणजे मर्यादा सुमारे ७७. चाळणीचे मोठे फिरते ड्रम या मर्यादेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्याच्या आत चालवतात. तो हिशोब लावला तर मिनिटाला २५ ते ३५ फेरे. गोम अशी की माणसाचा हात आपसूक याच्या दुप्पट वेगानं फिरतो. मुद्दाम हळू फिरवावं लागतं: ‘एक हजार एक, एक हजार दोन’ एवढं म्हणेपर्यंत एकच फेरा. भरभर फिरवलं की राख कमी चाळली जाते, कोळशाचे तुकडे आपटून फुटतात आणि धूळ दुप्पट उठते.

आता धुळीकडे येतो. सगळा खेळ तिथेच आहे.

चाळणं हा या यंत्राचा सोपा भाग आहे. जाळीचा तुकडा चौकटीत ठोकून अंगणात हलवला तरी राख चाळली जाते, गरीब घरांत तसंच करत. पत्र्याची पेटी, झाकण, हँडल, उतरण हा बाकीचा सगळा खर्च धुळीसाठी आहे. राख पिंपात पडते तेव्हा ती आतली हवा हुसकावते, आणि ती हवा मिळेल त्या फटीतून धूळ घेऊन बाहेर येते. झाकणाची कड, शाफ्टची भोकं, पेटी आणि पिंपाची सांध. सगळ्यात मोठं भोक म्हणजे कोळसा बाहेर यायची उतरण.

गेल्या हिवाळ्यातली राख झाकणाच्या लोखंडी डब्यांत साठवून ठेवली होती, तिच्यावर चाचणी घेतली. अंधारात एका बाजूनं टॉर्च मारला की कुठून धूळ येते ते लख्ख दिसतं. झाकणाला स्टोव्हच्या दाराला लावतात तो फायबरग्लासचा दोर लावला. फेल्ट नको, राखेत एखादा जिवंत निखारा असू शकतो. पिंपाच्या सांध्यालाही तोच दोर. शाफ्टची भोकं बुशिंगांनी आपोआप बंद झाली होती. उतरणीचं मात्र कोडं होतं. तिच्या तोंडावर दोन छोटे कान रिव्हेट केलेले आहेत, त्यांचं काय काम हे कळत नव्हतं. टॉर्चच्या उजेडात धुळीचा लोट तिथूनच बाहेर येताना दिसला तेव्हा कळलं: तिथे लोंबतं दार होतं. कोळशाच्या वजनानं उघडणारं आणि आपोआप मिटणारं. ज्यानं हे यंत्र घडवलं त्याला धूळ कुठून येते ते ठाऊक होतं. तसंच दार पत्र्याचं करून लावलं.

तरी झाकण उघडलं की भपकारा आलाच. त्याचा हिशोब केला. राखेचा १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ७ मिलिमीटर खाली उतरतो. पिंप ८० सेंटिमीटर खोल, म्हणजे वरचा कण तळाला जायला दोन मिनिटं. ५ मायक्रॉनच्या कणाला चौपट वेळ, म्हणजे आठ मिनिटं. त्याहून बारीक कण तर ताटकळतच राहतात, आणि फुप्फुसात खोल जाणारे तेच. म्हणजे जाहिरातीतलं मिनिट खरं आहे, पण ते फक्त फिरवण्याचं. त्यानंतरची दहा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. शेजारच्या आजोबांना हे सांगितलं तर ते हसले. लहानपणी शाळेत जाण्याआधी राख चाळणं हे त्यांचं काम होतं, आणि झाकण उघडायचं ते शाळेतून आल्यावर, हा त्यांच्या आईचा नियम होता.

एवढं करूनही मी एन-९५ मास्क लावतो, आणि यंत्र बाहेरच्या शेडमध्येच आहे. तळघरात ठेवावं असा विचार बोलून दाखवला होता. “अहो, ते यंत्र तळघरात आलं तर धुण्याचं मशीन वर येईल, बघा,” असं घरातून उत्तर आलं.

राखेवर पाणी शिंपडून चाळायची सूचना जुन्या पुस्तकांतही सापडते. मी विरोधात आहे. धूळ बसते हे खरं, पण ओली राख जाळीत लिंपून बसते, आणि राखेतल्या गंधकाला पाणी मिळालं की आम्ल होऊन पत्रा खातं. याच कारणासाठी इथले लोक वसंतात स्टोव्हचा धुराडं-पाइप काढून धुतात. आणि राख पूर्ण गार झाल्याशिवाय चाळूच नका. राखेच्या थराखाली निखारा दिवसच्या दिवस जिवंत राहतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर, फरशीवर ठेवा.

ऑक्टोबर अखेर

स्टोव्ह पेटला. आता खऱ्या राखेवर काम सुरू आहे, आणि वजनकाटा जे सांगतोय ते यंत्राच्या फार बाजूचं नाही.

अँथ्रासाइटमध्ये वजनाच्या साधारण दहा-बारा टक्के राख असते. दिवसाला १८ किलो कोळसा जाळला तर राख दोन किलोच्या आसपास यायला हवी. स्टोव्हमधून निघालेली राख तीन किलो भरली तर वरचा किलोभर न जळलेला कोळसा आहे असं समजा. माझ्याकडे जाळीवर उरलेल्या मालाचे तीन प्रकार निघतात: काळा कोळसा, वितळून गोळा झालेली राख म्हणजे क्लिंकर, आणि मूळ कोळशातच आलेला दगड. क्लिंकर हलका आणि भोकाभोकांचा, दगड जड आणि निस्तेज. हे दोन हातानंच वेचावे लागतात, पिंजरा त्यांच्यात भेद करत नाही. वेचून झाल्यावर हातात येतो तो कोळसा पाव किलोच्या आतबाहेर. ज्याच्या चाळणीत रोज किलोभर काळा कोळसा येतो त्यानं यंत्राचं कौतुक थांबवावं आणि स्टोव्हची जाळी किती जोरानं हलवतो ते बघावं. खाली लाल निखारे पडायला लागले की थांबायचं.

मग लोकांनी ही यंत्रं घेतली कशासाठी? भाव बघितले की कळतं. १९०२ च्या मे ते ऑक्टोबरमध्ये सुमारे १ लाख ४७ हजार खाणकामगार संपावर होते. शहरांत कोळसा कित्येक पटींनी महागला, आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्ये पडावं लागलं. पुढे पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१७ मध्ये, सरकारनं इंधन प्रशासन नेमलं आणि हॅरी गारफील्ड त्याचे प्रमुख झाले. जानेवारी १९१८ मध्ये मिसिसिपीच्या पूर्वेचे कारखाने पाच दिवस बंद ठेवायचा आदेश निघाला. शाळकरी पोरांनी घरोघरच्या कोळशाच्या फावड्यांना चिठ्ठ्या बांधल्या: रोज एक फावडं वाचवा. अशा हिवाळ्यात पाव किलोसुद्धा कोणी टाकून दिला नसेल.

राखेचं पुढे काय करायचं हाही तेव्हा मोठाच व्याप होता. न्यूयॉर्कमध्ये शहर सफाई खात्याचे प्रमुख कर्नल जॉर्ज वेअरिंग यांनी १८९५ नंतर राख, ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवायची सक्ती केली. ब्रुकलिनची राख क्वीन्समधल्या कोरोना नावाच्या भागातल्या पाणथळ जमिनीवर डोंगराएवढी साचली. १९३९ चं जागतिक प्रदर्शन भरलं ते तीच जागा सपाट करून. माझी पिंपभर राख निसरड्या पायवाटेवर टाकायला जाईल, बर्फावर तिच्याइतकं काही पकड देत नाही.

बाकी राहिलेली कामं: उतरणीचं दार बारीक तुकड्यांनी अर्धवट उघडं राहतं, त्याच्या खालच्या कडेला थोडं वजन जोडायचं आहे. हँडलची मूळ लाकडी मूठ तडकली आहे, ती सरस घालून बांधून ठेवली आहे. आणि पिंजऱ्याचा उतार ठरवायचा राहिला. सध्या पिंजरा सुमारे चार अंशांत आहे. पाचर घालून सहा अंश केला तर कोळसा लवकर बाहेर पडेल, पण त्याच्याबरोबर राखही किती येते ते वजन करूनच कळेल.