थीलला रोचच्या मागे: बाबांसोबतची नोव्हेंबरातली एक दुपार

इंग्लंडमध्ये, रेडिंगला येऊन सहा वर्षं झाली, त्यातली पहिली पाच मी फक्त कार्प या मोठ्या माशाच्या मागे होतो. रोच लागला की गळ काढायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा, फोटोसुद्धा काढायचो नाही. वीतभर चंदेरी मासा, लहान पोरं शिकायला धरतात तो, एवढंच माझं मत होतं. ते या नोव्हेंबरात बदललं, बाबा सांगलीहून आले होते तेव्हा. कृष्णेच्या काठावर ज्यांचं अर्धं आयुष्य गळ टाकण्यात गेलं ते सेंट्रल हीटिंगमध्ये किती दिवस बसणार, म्हणून एका शनिवारी दोघं रेडिंगजवळच्या थील गावी गेलो.

जायचं सोपं आहे. न्यूबरीकडे जाणारी लोकल पकडायची, रेडिंग वेस्ट गेलं की पुढचंच स्टेशन, तिथून दक्षिणेला थोडं चाललं की स्विंग ब्रिज आणि केनेट नदी. पण आधी मासेमारीचं लायसन्स काढा, एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेचं, ऑनलाइन दोन मिनिटांत होतं. पाहुण्यांसाठी एक दिवसाचं आणि आठ दिवसांचंही मिळतं, १३ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही, आणि न काढता सापडलात तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय काठ बहुतेक क्लबांकडे असतो, त्यांचं तिकीट वेगळं, कुठल्या पट्ट्याला दिवसाचं तिकीट मिळतं ते जवळच्या टॅकल शॉपमध्ये, म्हणजे गळ-दोऱ्यांच्या दुकानात, विचारून घ्या. १५ मार्च ते १५ जून नदीवर मासेमारीला बंदी असते. बऱ्याच कालव्यांना ती नसते, पण इथे केनेट आणि कालवा कुठे एक होतात कुठे वेगळे होतात, त्यामुळे आपण नक्की कुठे बसलोय ते बघूनच गळ टाका.

आदल्या रात्री मी हेंप, म्हणजे भांगेचं बी भिजत घातलं होतं आणि सकाळी उकळलं. बी फुटून मटकीच्या मोडासारखा पांढरा कोंब दिसायला लागला की झालं, गॅस बंद. सोबत पाव लिटर मॅगट घेतले, त्या पांढऱ्या अळ्या. सामान हलकंच होतं, १३ फुटी रॉड, ३ पौंड ताण झेलणारी लाइन, पुढे दोन पौंडाचा तुकडा आणि १८ नंबरचा बिनकाट्याचा गळ. शिशाच्या छोट्या वजनांवर इथे १९८७ पासून बंदी आहे, दुसऱ्या धातूचे शॉट मिळतात तेच घ्या.

चार दिवसांपूर्वी पाऊस झाला होता, पाणी उतरत होतं, रंग फिकट चहासारखा. रोचला असं पाणी आवडतं, काचेसारखं स्वच्छ असलं की तो दिवसभर दबून राहतो. तरी दोन वाजेपर्यंत काहीच नाही, एक छोटा पर्च मासा सोडला तर. मी दर वेळी हेंप टाकतोय, फ्लोट, म्हणजे लाइनवरचा तरंगा, छान वाहत जातोय, पण चावा नाही. बाबा मागे खुर्चीवर बसून बघत होते, मग म्हणाले, "अरे, वरचं पाणी पळतंय आणि खालचं चालतंय. तुझा फ्लोट आमिषाला फरफटत नेतोय. त्याला जरा धर."

बरोबर होतं. मी पुस्तकात वाचलेलं, व्हिडिओत बघितलेलं, पण हाताला कळलं ते तेव्हा. बोटाने लाइन किंचित दाबून फ्लोट मागे ओढून धरला की आमिष पुढे जातं, तळाजवळून हळू, मोकळं वाहत आलेल्या दाण्यासारखं. तिसऱ्याच फेरीला फ्लोटचं लाल टोक बुडलं नाही, नुसतं थबकलं, गव्हाच्या दाण्याएवढं खाली बसलं. मनगट उचललं तर खाली मासा, डोकं झटकत होता.

जाळ्यात घेतला. बाबांनी आधी हात नदीत ओले केले, हे मी सांगायच्या आधी, आणि मासा तळहातावर आडवा धरला. पाठ निळसर, खवला एकेक मोजावा असा, खालचे पर शेंदरी. आणि डोळा. "हा डोळा बघ रे, शेंदूर लावल्यासारखा." पाच वर्षांत शेकडो रोच हातातून गेले असतील, मी तो डोळा कधी नीट बघितला नव्हता. रड या दिसायला जवळच्या माशाशी गल्लत करू नका, रडचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, तोंड वर वळलेलं, आणि पाठीवरचा पर मागे सरकलेला. रोचचा पाठीवरचा पर पोटाच्या परांच्या बरोबर वर सुरू होतो.

"सोडायचा कशाला?" हे बाबांनी विचारलंच. नदीवर कायद्याने २० सेंमीपर्यंतचे १५ छोटे मासे नेता येतात, पण क्लबचे नियम बहुतेक सगळं सोडा असेच असतात, आणि खरं सांगायचं तर मला न्यायचा नव्हताच.

आता महत्त्वाचं, लवकर घरी जाऊ नका. नोव्हेंबर अखेरीस चारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि खरा खेळ शेवटच्या पाऊण तासातच असतो. आम्हाला एकूण चौदा मिळाले, त्यातले नऊ फ्लोट दिसेनासा होईपर्यंतच्या त्या वेळात. हेंप मूठभर टाकू नका, दहा-बारा दाणे, पण प्रत्येक फेरीला, चुकवायचे नाहीत. मी मधे एकदा उत्साहात दोन मुठी टाकल्या तर मासे खाली सरकले आणि वीस मिनिटं गेली. सगळ्यात मोठा सव्वा पौंडाचा, बाबांना लागला. इथे एक पौंडाचा चांगला मानतात आणि दोन पौंडांच्या एका रोचसाठी लोक वर्षानुवर्षं नदीवर येतात, ब्रिटिश रेकॉर्डच ४ पौंड ४ औंस आहे. हे आकडे कार्पवाल्याला किरकोळ वाटतात, मलाही वाटायचे. पण कार्पला मासा लागल्याचा अलार्म वाजतो तोपर्यंत मी मोबाइल बघत असायचो, इथे तीन तास मी एकदाही फोन काढला नाही.

हेडटॉर्च न्या, परतीची वाट चिखलाची आहे. बोटं गार पडली की १८ नंबरचा गळ बांधता येत नाही, घरूनच पाच-सहा बांधून न्या.

घरी आल्यावर बाबांनी जेवायच्या आधी विचारलं, ते भांगेचं बी उरलंय का, आणि स्वतःच पातेलं काढून भिजत घातलं.